पणज्याची गोष्ट आणि दफ्तरांतील कागद

गेल्या सत्रांत इतिहासाच्या तासाला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा भाग चालू होता. यॉर्कटाउन येथें कॉर्नवॉलिसच्या फौजेनें शस्त्रें खालीं ठेविलीं, तह झाला, वॉशिंग्टन पुढें राष्ट्राचा पहिला अध्यक्ष झाला, येथवर मी येऊन पोंचलों, तोंच मागच्या बांकावरील एका मुलानें उठून विचारलें, "सर, सेनापतींचें पुढें काय झालें तें पुस्तकांत आहे, पण साध्या शिपायांचें काय झालें?" इतक्यांत घंटा वाजली. "पुढें केव्हां तरी सांगेन," असें म्हणून मी वर्गाबाहेर पडलों. खरें सांगावयाचें तर घंटा वाजली याचें मला बरेंच वाटलें. कारण त्या प्रश्नाचें उत्तर मला दोन वाक्यांत देतां आलें नसतें. तें वचन या लेखानें पुरें करीत आहें. पालकमंडळींनींही तो वाचावा अशी विनंती आहे. कारण घराण्याच्या गोष्टी मुलांच्या कानीं प्रथम पडतात त्या वडील माणसांच्या तोंडूनच.

हें युद्ध इ. स. १७७५ च्या एप्रिलच्या १९ व्या तारखेस मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन व काँकर्ड या गांवीं सुरू झालें आणि १७८३ च्या सप्टेंबरांत पॅरिसच्या तहानें संपलें. आपल्याकडे इंग्रज व मराठे यांचें पहिलें युद्धही १७७५ पासून १७८२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ त्याच वर्षांत, चाललें होतें हें ध्यानांत ठेविल्यास काळ मनांत पक्का बसेल. यॉर्कटाउनला १७८१ त हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ त गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला, मराठे व निजाम यांच्याशीं सख्य करून टिपू सुलतानाशीं लढला, आणि दुसऱ्यांदा त्याच हुद्द्यावर आला असतां १८०५ त गाझीपूर येथें वारला. असो, आपला आजचा विषय सेनापतींचा नव्हे.

अमेरिकन सैन्य दोन प्रकारचें होतें. एक काँटिनेंटल फौज. हींत शिपाई एक वर्ष, तीन वर्षें किंवा युद्ध संपेपर्यंत नांव नोंदवीत. दुसरें मिलिशिया, म्हणजे गांवोगांवच्या शेतकऱ्यांचीं पथकें. हे लोक शत्रु जवळ आला कीं कांहीं आठवडे किंवा महिने बंदूक घेऊन जात आणि पुन्हां नांगराकडे परत येत. हा भेद लक्षांत ठेवा, कारण पुढें पेन्शनच्या वेळीं त्यावर पुष्कळांचें नशीब अवलंबून राहिलें. फौजेचा पगार कागदी नोटांत मिळे, आणि त्या नोटांची किंमत इतकी घसरली कीं निरुपयोगी वस्तूला "काँटिनेंटल नोटेच्याही मोलाची नाहीं" असें म्हणण्याची तिकडे रीतच पडली. युद्ध संपल्यावर शिपायांना रोख पैशांऐवजीं बाकी पगाराचे दाखले देण्यांत आले. घरीं जाण्यास वाटखर्च हवा, म्हणून कित्येकांनीं ते दाखले सटोडियांना अगदीं थोडक्या पैशांत विकून टाकले.

त्या शिपायांचे वंशज आज अमेरिकेंत सर्वत्र पसरलेले आहेत, आणि पुष्कळ जुन्या घराण्यांत त्या युद्धाची एकादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. कोणाच्या पूर्वजानें वॉशिंग्टनचा घोडा धरलेला असतो, कोणाच्या पूर्वजानें त्याला पाणी पाजलेलें असतें. इतके लगाम धरावयास वॉशिंग्टनपाशीं घोडे तरी किती होते, असा प्रश्न एकाद्यास पडावयाचा! पण हंसून सोडून देण्यासारखी ही बाब नाहीं. गोष्टींत खरें किती आणि भर किती हें ओळखण्याची एक रीत आहे, आणि ती शिकण्यासारखी आहे.

पहिला नियम असा कीं, शोध स्वतःपासून आरंभून मागें मागें जावें. एकादा प्रसिद्ध वीर गांठून त्याच्यापासून खालीं उतरूं नये. आपण, आपले वडील, आजोबा, पणजोबा, अशी एकेक पायरी चढावी, आणि प्रत्येक पायरीला कागदाचा आधार असावा: जन्माची नोंद, विवाहाची नोंद, मृत्युपत्र, जमिनीचें खरेदीखत, थडग्यावरील लेख. अमेरिकेची पहिली खानेसुमारी १७९० सालीं झाली. त्या वेळीं सगळी लोकसंख्या सुमारें ३९ लक्ष होती. पण खानेसुमारीच्या कागदांत फक्त कुटुंबप्रमुखाचेंच नांव असे, बाकीचीं माणसें म्हणजे नुसते आंकडे. घरांतील प्रत्येक स्वतंत्र मनुष्याचें नांव प्रथम आलें तें १८५० च्या खानेसुमारींत. मधल्या १८४० च्या खानेसुमारींत मात्र एक उपयुक्त गोष्ट आहे. त्या वर्षीं युद्धाचें पेन्शन घेणाऱ्यांचीं नांवें व वयें मुद्दाम निराळीं टिपलीं, त्यामुळें कोणता म्हातारा शिपाई कोणाच्या घरीं राहत होता हें कळतें.

या वाटेवर अडखळावयास जागा पुष्कळ. एकाच गांवांत एकाच नांवाचे तीन चुलतभाऊ; कारकुनानें कानाला लागेल तसें लिहिलेलें आडनांव; आणि सनावळीचा घोळ. इंग्लंडांत व त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनी कालगणना चालू होती आणि वर्षाचा आरंभ २५ मार्चला होई. वॉशिंग्टनच्याच जन्माची तारीख जुन्या गणनेनें ११ फेब्रुवारी १७३१, तर नव्या गणनेनें २२ फेब्रुवारी १७३२. एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा पाहून हे दोन निराळे इसम, असें घाईनें ठरविणारे शोधक कमी नाहींत.

आतां मुख्य कागदांकडे येऊं. सैन्याचे हजेरीपट जेथें ठेविले होते त्या युद्धखात्याच्या कचेरीला १८०० च्या नोव्हेंबरांत आग लागली. पुढें १८१४ च्या ऑगस्टांत इंग्रज फौजेनें वॉशिंग्टन शहर घेऊन सरकारी इमारती जाळल्या. पहिल्या युद्धाचे पुष्कळ कागद अशा रीतीनें गेले. मग शिपायांविषयीं आज जें इतकें कळतें तें कोठून? तें बहुतांशीं पेन्शनच्या अर्जांवरून. म्हणजे सरकारी दफ्तरांत जें नष्ट झालें होतें तें म्हाताऱ्यांच्या आठवणींतून पुन्हां लिहून घेतलें गेलें.

१८१८ च्या मार्चांत अमेरिकन काँग्रेसनें कायदा केला कीं, ज्यानें काँटिनेंटल फौजेंत निदान नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत चाकरी केली असेल आणि ज्याला मदतीची गरज असेल, त्याला जन्मभर पेन्शन द्यावें. शिपायाला महिना ८ डॉलर, अधिकाऱ्याला २०. अर्जांची अशी रीघ लागली कीं सरकार घाबरलें. १८२० सालीं दुसरा कायदा आला: प्रत्येक पेन्शनरानें न्यायालयांत जाऊन आपली सगळी मालमत्ता शपथेवर लिहून द्यावी. ज्याची मालमत्ता अधिक दिसली त्याचें नांव यादींतून गेलें. कांहीं जणांचीं नांवें १८२३ च्या कायद्यानें पुन्हां घालण्यांत आलीं. तुम्ही कल्पना करा, साठ-सत्तर वर्षांचा मनुष्य गांवच्या न्यायाधीशासमोर उभा आहे आणि घरांतलीं भांडीं, खुर्च्या, कुदळी मोठ्यानें मोजून दाखवीत आहे. वंशजांना मात्र त्या अपमानांतून एक ठेवा मिळाला. पणज्याच्या घरांत काय होतें आणि काय नव्हतें याची यादी त्यांच्या हातीं आहे.

अशांपैकीं एकाची हकीकत थोडी सविस्तर सांगतों. जोसेफ प्लंब मार्टिन याचा जन्म १७६० सालचा. आजोळीं कनेक्टिकटमध्यें तो वाढला, आणि १७७६ त, सोळावें वर्षही पुरें झालें नव्हतें तेव्हां, सैन्यांत गेला. युद्ध संपेपर्यंत त्यानें चाकरी केली. मॉरिसटाउनच्या छावणीचा १७७९-८० चा हिंवाळा अतिशय कडक होता. त्या दिवसांत उपाशी शिपायांनीं झाडाची साल चघळली व जुने जोडे भाजून खाल्ले, असें त्यानें पुढें लिहून ठेविलें आहे. यॉर्कटाउनच्या वेढ्यांत तो सुरुंग व खंदक खणणाऱ्या तुकडींत होता. युद्धानंतर मेन प्रांतांत जंगल तोडून त्यानें शेत केलें. पण ती जमीन कायद्यानें जनरल हेन्री नॉक्स याची ठरली. हा नॉक्स म्हणजे त्याच सैन्यांतील तोफखान्याचा प्रमुख! मार्टिनला पैसे भरतां आले नाहींत आणि जमीन हातची गेली. १८२० सालीं त्यानें न्यायालयांत जी यादी दिली तींत दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर इतकेंच धन होतें. वर्षाला ९६ डॉलर पेन्शन मिळे, त्यावर संसार. १८३० त त्यानें आपल्या आठवणींचें पुस्तक आपलें नांव न घालतां छापविलें. तें फारसें खपलें नाहीं. तो १८५० त वारला. त्याचें पुस्तक १९६२ सालीं नव्यानें छापलें गेलें, आणि आज त्या युद्धाचा कोणताही इतिहास त्याचा आधार घेतल्यावांचून लिहिला जात नाहीं. सर, शिपायांचें काय झालें, असें विचारणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यानें हा परिच्छेद दोनदां वाचावा.

१८३२ च्या कायद्यानें दार मोठें उघडलें. ज्यानें सहा महिने किंवा अधिक चाकरी केली त्याला, मग तो मिलिशियाचा असो वा फौजेचा, गरीब असो वा श्रीमंत, पेन्शन मिळूं लागलें. त्या वेळीं प्रत्येक अर्जदाराला न्यायालयांत ठराविक प्रश्न विचारीत: तुझा जन्म कोठें व कोणत्या सालीं झाला? वयाची नोंद आहे काय आणि ती कोठें आहे? सैन्यांत गेलास तेव्हां कोठें राहत होतास, पुढें कोठें राहिलास, आतां कोठें आहेस? स्वतः होऊन गेलास, सक्तीनें, कीं दुसऱ्याच्या बदली? कोणते अधिकारी तुझ्या ओळखीचे होते? सुटकेचा दाखला आहे काय? शेजाऱ्यांपैकीं तुझ्या खरेपणाची साक्ष कोण देईल? मला हे प्रश्न फार आवडतात. तुमच्या आजोबांना हेच प्रश्न, सैन्याऐवजीं गांव, शाळा किंवा गिरणी असा शब्द घालून, विचारून पाहा. वहीचीं दहा पानें सहज भरतील.

उत्तरें अर्थात पन्नास वर्षांनंतरचीं. म्हाताऱ्यांना साल नीट आठवत नाहीं, लढायांचा क्रम उलटसुलट होतो. पण कप्तानाचें नांव, कोणत्या नदीवरून बर्फांतून चालत गेलों, शेजारीं कोण मरून पडला, हें ते विसरत नाहींत. अशा अर्जांच्या सुमारें ८०,००० फायली वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत आहेत, आणि त्यांचीं छायाचित्रें आज संगणकावर घरबसल्या पाहतां येतात. फायलीवर 'एस्' असेल तर शिपायाचा अर्ज, 'डब्ल्यू' असेल तर विधवेचा, 'आर्' असेल तर नामंजूर झालेला. नामंजूर म्हणजे खोटा, असें समजूं नका. चाकरी पांचच महिन्यांची भरली, साक्षीदार मरून गेले, असल्या कारणांनीं नाकारलेल्या फायलींत कधीं कधीं मंजूर फायलीपेक्षां अधिक माहिती असते. कारण बिचारा अर्जदार पुनःपुन्हां पुरावा पाठवीत राहिलेला असतो.

विधवांना पेन्शन देण्याचा मोठा कायदा १८३६ चा. नवरा सैन्यांत असतांनाच विवाह झाला असला पाहिजे, अशी प्रथम अट होती. ती १८३८ व १८४८ त सैल झाली आणि १८५३ त विवाहाच्या तारखेची अट निघूनच गेली. पण विवाह झाल्याचा पुरावा कोठून आणावा? पुष्कळ गांवीं नोंदी नव्हत्या किंवा जळल्या होत्या. त्या काळीं घरोघर पवित्र शास्त्राचें एक मोठें पुस्तक असे, आणि त्यांतील कोऱ्या पानांवर लग्नें, जन्म व मृत्यु यांच्या तारखा लिहून ठेवीत. त्या बायकांनीं तीं पानें पुस्तकांतून कापून वॉशिंग्टनला पाठविलीं. कोणी मुलींनीं भरतकाम करून विणलेलीं कुटुंबाचीं नांवें पाठविलीं. पेनसिल्व्हेनियांतील जर्मन घराण्यांनीं रंगीत वेलबुट्टी काढलेले जन्माचे दाखले पाठविले. घरीं तें पान परत आलें नाहीं. पुस्तकांत फक्त कापलेली कड राहिली, आणि नातवंडांना वाटत राहिलें कीं कोणी उपद्व्यापी मुलानें पान फाडलें. आज ते वंशज दफ्तरखान्यांतली फाईल उघडतात तेव्हां तें पान त्यांना तेथें सांपडतें.

आतां गोष्ट आणि कागद यांचें जेथें जमत नाहीं तेथें काय करावें? दोन उदाहरणें देतों. बेट्सी रॉस या शिवणकाम करणाऱ्या बाईनें वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून १७७६ त अमेरिकेचें पहिलें निशाण शिवलें, ही गोष्ट तिकडचें प्रत्येक मूल जाणतें. ती प्रथम चारचौघांत सांगितली तिच्या नातवानें, विल्यम कॅन्बी यानें, १८७० सालीं. म्हणजे घटनेनंतर ९४ वर्षांनीं आणि आजीच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनीं. घरांतील बायकांनीं शपथेवर सांगितलें कीं, आम्हीं हें तिच्याच तोंडून ऐकलें. परंतु त्या काळचा एकही कागद या गोष्टीला दुजोरा देत नाहीं. उलट, १७७७ च्या मे महिन्यांत पेनसिल्व्हेनियाच्या नौकाखात्यानें जहाजांचीं निशाणें शिवल्याबद्दल तिला पैसे दिल्याची नोंद मात्र आहे. तेव्हां बाई खरी, निशाणें खरीं, शिवणकाम खरें. 'पहिलें' हा शब्द आणि वॉशिंग्टनची भेट यांना आधार नाहीं. नातवानें खोटें सांगितलें असें मी म्हणणार नाहीं. लहानपणीं आजीच्या मांडीवर ऐकलेली गोष्ट पन्नाशीकडे झुकल्यावर सांगतांना कोणाची भर पडत नाहीं?

दुसरें उदाहरण डेबोरा सॅम्पसन हिचें. ही पुरुषाचा वेष घेऊन रॉबर्ट शर्टलिफ या नांवानें मॅसॅच्युसेट्सच्या पलटणींत शिरली आणि १७८३ च्या ऑक्टोबरांत सन्मानानें सुटली. ती यॉर्कटाउनला लढली असें तिच्या पहिल्या चरित्रांत, म्हणजे १७९७ सालच्या पुस्तकांत, लिहिलें आहे. पण पलटणीचे कागद पाहतां तिचें नांव १७८२ च्या मे महिन्यांत दाखल झालें. यॉर्कटाउनचा वेढा त्यापूर्वीं सात महिने संपला होता. म्हणून ती शिपाईच नव्हती काय? होती. मॅसॅच्युसेट्सनें १७९२ त तिचा थकलेला पगार दिला, १८०५ पासून तिला पेन्शन मिळालें, आणि तिच्या मागें तिच्या नवऱ्यानें शिपायाचा विधुर म्हणून अर्ज केला तेव्हां १८३८ त काँग्रेसनें खास कायदा करून तिच्या वारसांना रक्कम दिली. नवरा तोंवर वारला होता. एक बनावट पीस काढलें म्हणून पक्षी नाहींसा होत नाहीं.

येथें घरची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. माझी आजी सांगे कीं, आमचे पणजोबा छप्पनच्या दुष्काळांत भावाचा हात धरून पायीं या गांवीं आले. मीं पुढें मंडळीची जुनी नोंदवही पाहिली, तों त्यांचें नांव त्या दुष्काळाच्या दोन वर्षें आधींच्या पानावर! आजीला सांगितलें तर ती म्हणाली, "वही लिहिणाऱ्याला काय ठाऊक? तो होता का वाटेवर?" मीं वादविवाद केला नाहीं. वहीतील तारीख मीं माझ्या वंशावळींत लिहिली, आणि तिच्याखालीं आजीचें म्हणणें तिच्याच शब्दांत लिहिलें. अजूनही तें तसेंच आहे.

ज्यांच्याकडे कागदच नाहींत त्यांचें काय, हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. त्या युद्धांत अमेरिकेच्या बाजूनें सुमारें ५,००० कृष्णवर्णीय लढले असें मानतात. पण १७९० च्या खानेसुमारींत गुलामांचा फक्त आंकडा आहे, नांव नाहीं. व्हर्जिनियांतील जेम्स नांवाचा गुलाम लाफायेत याच्या वतीनें कॉर्नवॉलिसच्या छावणींत हेरगिरी करीत असे. युद्ध संपलें, देश स्वतंत्र झाला, आणि जेम्स गुलामच राहिला! लाफायेतनें १७८४ त लिहून दिलेल्या प्रशस्तिपत्राच्या आधारें त्यानें अर्ज केला, तेव्हां १७८७ त व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें त्याला मुक्त केलें. पुढें त्यानें जेम्स लाफायेत असें नांव घेतलें, आणि १८१९ त त्याला पेन्शन मिळालें. उलट बाजूस, इंग्रजांच्या आश्रयाला गेलेल्या गुलामांना इंग्रजांनीं १७८३ त न्यूयॉर्कहून जहाजांवर चढविलें तेव्हां एक मोठी वही केली. तींत सुमारें ३,००० माणसांचीं नांवें, वयें, रूपवर्णन व पूर्वीच्या धन्याचें नांव आहे. हेतु असा कीं पुढें धन्यांनीं भरपाई मागितली तर हिशेब हातीं असावा. मालमत्तेचा हिशेब म्हणून केलेली ती वही आज नोव्हा स्कोशियांतील वंशजांना पूर्वजांची पहिली खूण म्हणून उपयोगीं पडते.

कुळाचा अभिमान कोठवर जातो तेंही एका वाक्यांत सांगतों. त्या युद्धांतील पूर्वज सिद्ध करणाऱ्या स्त्रियांची 'अमेरिकन क्रांतीच्या कन्या' ही संस्था १८९० त निघाली. तिनें थडगीं व नोंदी जपण्याचें मोठें काम केलें, पण १९३९ त तिनेंच मॅरियन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेला आपलें सभागृह नाकारलें, आणि ती बाई ईस्टरच्या दिवशीं लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर हजारों लोकांपुढें गायिली. पुढें त्याच संस्थेनें युद्धांत लढलेल्या कृष्णवर्णीय व मूळ रहिवासी शिपायांचीं नांवें शोधून मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

शेवटीं एक हिशेब. पेन्शन घेणारा शेवटचा शिपाई डॅनियल बेकमन १८६९ त वारला. एस्थर डेमन नांवाच्या एकवीस वर्षांच्या मुलीनें १८३५ त पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या शिपायाशीं विवाह केला होता. ती त्या युद्धाची शेवटची पेन्शनर विधवा, आणि ती १९०६ त व्हरमाँट संस्थानांत वारली. त्यानंतर एका शिपायाच्या मुलीला काँग्रेसनें मंजूर केलेलें पेन्शन तेवढें चालू होतें. तीही १९११ त वारली, आणि पॅरिसच्या तहानंतर १२८ वर्षांनीं तें खातें बंद झालें.